यमनाप्पाच्या टाचा आणि मी

मी एक जुनी पितळी वज्री आहे आणि माझं तोंड बदकाचं आहे. या दोन्हीत माझा दोष नाही.

वज्री म्हणजे काय हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. अंघोळीच्या वेळी टाचा घासतात ती वस्तू. वर धरायला मूठ, खाली बारीक खरखरीत रेघा आणि पोटात खडे. घासताना मी खुळखुळते. बेळगावच्या एका ओताऱ्याने मला मोर करायला घेतलं होतं. पण साच्यात पिसारा उतरला नाही, मान आखूड राहिली आणि चोच पसरली. ओताऱ्याने मला उलटीसुलटी करून पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "हंस झालाय बघ."

"बदक हाय," ती म्हणाली.

"बदक तर बदक," तो म्हणाला. एवढ्यावर माझं बारसं आटोपलं.

खडेबाजारातल्या एका कासाराच्या दुकानात मी बराच काळ काढला. शेजारचे मोर खपले, पोपट खपले. मला गिऱ्हाईक उचलायचं, हसायचं आणि खाली ठेवायचं. शेवटी जवळच्या वडगावची अंबुबाई आली. तिनेही मला उचललं, तीही हसली, पण खाली ठेवलं नाही. नवऱ्याला म्हणाली, "हे घ्या हो. बिचारं कोण नेणार न्हाय ह्याला."

मित्रांनो, तुम्हाला कुणी असं म्हणून घरी नेलं असतं तर तुम्ही रुसला असता. मी रुसले नाही. मला घर मिळालं.

नवऱ्याचं नाव यमनाप्पा. वडगावात त्याचा खड्डामाग होता. म्हणजे जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय आणि पायाखाली पावड्या. एक पावडी दाबली की अर्धे धागे वर, दुसरी दाबली की बाकीचे वर, आणि मधून धोटा पळायचा. वरचा यमनाप्पा उजेडात बसून लुगडं विणायचा. खालचा यमनाप्पा दिवसभर अंधारात पावड्या दाबायचा. वरच्याला अख्खं वडगाव ओळखायचं. खालच्याला फक्त अंबुबाई आणि मी.

पावसाळ्यात खड्ड्याला ओल यायची आणि त्याच्या टाचा भिजून फुगायच्या. दसऱ्याला कोरडं वारं सुटलं की त्याच टाचा तडकायच्या. आणि चपलांचे दिवस नेमके तेव्हाच यायचे. आमच्याकडे पावसात कातडी चपला घालत नाहीत, भिजून त्यांचं भजं होतं. पावसाळाभर त्या आढ्याला टांगतात आणि दसऱ्यानंतर खाली उतरवतात. यमनाप्पाच्या चपला खाली उतरल्या की त्याच्या टाचांकडे बघून परत वर जायचा विचार करत असाव्यात.

मग अंबुबाई परातीत गरम पाणी ओतायची, मूठभर मीठ टाकायची आणि म्हणायची, "पाय द्या."

"आज ऱ्हाऊ दे."

"द्या म्हंते न्हवं! चपलंला काय वाटंल?"

पाय भिजले की माझी पाळी. मी टाचेवर फिरू लागले की यमनाप्पाला गुदगुल्या व्हायच्या. तो मागाचा खांब धरून हसायचा. तो इतका हसतो हे वडगावात कुणालाही सांगितलं असतं तरी पटलं नसतं. बाहेर तो फार गंभीर माणूस होता.

घासून झालं की भेगांत तेल भरायचं आणि पाय उन्हात वाळवायचे, पापडासारखे. पुसायचे नाहीत. कारण त्या घरात कापडाला पाय लावत नसत. तुमच्या पायाला पुस्तक लागलं की तुम्ही नमस्कार करता ना, तसं यमनाप्पाचं कापडाचं होतं. त्याचा आजा तसाच, बाप तसाच. ज्याने पोट भरतं त्यावर पाय द्यायचा नाही, असं. त्या घरात पायपुसणं नव्हतं. पाय आपोआप वाळायचे.

पहिली मोठी लढाई संपली त्या वर्षी तापाची साथ आली आणि अंबुबाई गेली. लेक अंजनी तेव्हा रांगत होती.

दिवसकार्य झाल्यावर यमनाप्पाने मला हातात घेतलं. मला वाटलं, आता परात घेईल. त्याने दोरी घेतली आणि मला मागाला बांधलं. एका बाजूला वजन कमी पडत होतं, आणि मी नेमकी तेवढ्याच वजनाची निघाले.

मित्रांनो, माझं दुःख नीट समजून घ्या. मी लटकत होते ती जागा खड्ड्याच्या बरोबर वर होती. खाली, हातभर अंतरावर, त्याच टाचा होत्या. दरवर्षी त्या फुगत, दरवर्षी तडकत. कधी रक्त यायचं, तेव्हा यमनाप्पा त्यावर चूल सारवायची माती दाबायचा. मी वरून बघत होते आणि माग चालला की खुळखुळत होते. अंजनी मोठी झाली तरी तिला मी मागाचाच एक भाग वाटत होते. माणसाला काम नसलं तर तो निदान उठून दुसरीकडे जाऊ शकतो. मी ज्या कामासाठी जन्मले ते काम डोळ्यांसमोर ठेवून मला टांगलेलं होतं. अशी बरीच वर्षं गेली.

अंजनीचं लग्न निपाणीला ठरलं. नवऱ्यामुलाच्या बापाचं नाव मारुतीराव. मूळचं विणकराचंच घर, पण मारुतीरावांच्या बापाने माग मोडून तंबाखूची वखार काढली होती. घर मोठं झालं आणि कापडाबद्दलच्या जुन्या सवयी मागाबरोबरच गेल्या. लग्न नवऱ्याच्या दारात, निपाणीत व्हायचं होतं.

त्या लग्नाला मी नव्हते. मी टांगलेली होते. पण शेजारची बायाक्का गेली होती. ती यमनाप्पाला धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून द्यायची आणि कांड्या भरताना तिचं तोंड रिकामं असायचं. तिने ते लग्न इतक्यांदा सांगितलं की आता मला ते मी स्वतः पाहिल्यासारखं आठवतं.

झालं असं. पायघड्या घालायच्या त्या वरमाईला. पण मारुतीरावांनी कोल्हापुरात कुठेतरी पाहिलं होतं म्हणून मुलीच्या बापाला पायघड्या घातल्या. बिऱ्हाडापासून मांडवापर्यंत पांढरीशुभ्र कापडं अंथरली. पुढे बँड, मागे वऱ्हाड, दोन्ही बाजूंना पेठेतली माणसं. आणि यमनाप्पा म्हणाला, "मी कडंनं येतो."

"कडंनं कशापायी?" मारुतीराव म्हणाले. "तुमच्यासाठी तर घातल्यात."

"कापडावर कसा पाय देऊ?"

"पाव्हणं, अख्खी निपाणी बघायलीया. चला."

यमनाप्पाने पाय ठेवला. टाच तडकलेली. भेगेत धागा अडकला, त्याने पाऊल उचललं आणि कापडाचा धागा कडेपासून कडेपर्यंत सरकन ओढला गेला.

दुसरा कुणी असता तर तसाच पुढे गेला असता. यमनाप्पा विणकर होता. तुटलेला धागा बघितला की त्याचे हात आपोआप खाली जातात. तो पायघड्यांवरच गुडघे टेकून बसला आणि धागा जोडू लागला.

"मला वाटलं चक्कर आली," बायाक्का सांगायची. "जवळ जाऊन बघते तर हा गाठी मारत बसलाय! मी म्हटलं, यमनाण्णा, ऊठ रं, लगीन हाय. तर म्हंतोय, थांब आक्का, दोनच ऱ्हायल्यात."

बँडवाल्यांना पुढे जाता येईना आणि थांबायला कुणी सांगेना, म्हणून ते एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. मागून वऱ्हाड येऊन आदळलं. कुणीतरी ओरडलं पाव्हणा पडला, कुणीतरी पाणी आणलं आणि ते यमनाप्पाच्या डोक्यावर ओतलं. ओला यमनाप्पा गाठी मारत राहिला. धागा जुळला तेव्हा मुहूर्त टळला होता. लग्न पुढच्या मुहूर्तावर लागलं, पण निपाणीत लोकांनी हसून हसून त्याचं नाव 'गाठीचं लगीन' ठेवलं. मारुतीराव पेठेतून चालले की पोरं खाली वाकून गाठी मारल्याचं सोंग करायची.

पाठवणीच्या वेळी मारुतीराव एवढंच म्हणाले, "ह्या टाचा पुन्यांदा माझ्या उंबऱ्याला लागायच्या न्हाईत."

यमनाप्पा घरी आला. आता घरात तो एकटा. सकाळी मागावर बसायचा, संध्याकाळी उठायचा. अंजनी माहेरी आली नाही, दिवाळीलाही नाही. बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, तेही सासरीच ठरलं. यमनाप्पा दोन माणसांचा भात शिजवायचा, एका माणसाचा जेवायचा आणि उरलेला बायाक्काच्या कोंबड्यांना घालायचा. मी खुळखुळ वाजायचे. घरात तेवढाच आवाज होता. मी जमेल तितकी जोरात वाजत असे.

एका हिवाळ्याच्या तोंडाला बायाक्का निपाणीत कुणाच्या तरी लग्नाला जाऊन आली आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "यमनाण्णा, नात झालीया तुला! सव्वा महिन्यानं बारसं करणार हैत. मारुतीरावाला मी भर चौकात धरलं. म्हटलं, आजा नको व्हय बारशाला?"

"मग?"

"मग म्हनला, येऊ दे. पन पायघड्या पुन्यांदा घालणार. गावासमोर नाक कापलंय, गावासमोरच फिटलं पायजे. एक जरी धागा अडकला तर दार बंद. तू तिकडं जायचं न्हाय आन् लेकीनं हिकडं यायचं न्हाय. कायमचं."

यमनाप्पाने खाली आपल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे भांडान माझ्याशी न्हाय."

"मग कुणाशी?"

"टाचांशी हाय."

बायाक्काने कपाळावर हात मारला. पण यमनाप्पा उठला, त्याने माझी दोरी सोडली आणि मला खाली काढलं. मागाचा तोल गेला आणि तो एका बाजूला कलला. त्याने तिकडे बघितलंही नाही. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला कुणीतरी हातात धरलं होतं. माझ्या पोटातले खडे आपोआप वाजले.

आता टाचा मऊ करायचं काम सुरू झालं. बायाक्का हुकूम सोडायची आणि यमनाप्पा पाळायचा. परातीत कडत पाणी. मीठ. पाय भिजवून बोटं सुरकुतली की मी. पहिल्या दिवशी मी घासायला गेले आणि मलाच ओरखडे पडले. मी घाबरले. पितळेला टाच झिजवते असं मी ऐकलं नव्हतं. पण हळूहळू एकेक थर सुटू लागला. आत पावसाळेच्या पावसाळे साठले होते.

घासून झालं की कणकुंबी गावाहून येणाऱ्या रवळू तेलवाल्याने आणलेलं कोकमाचं तेल. ते तेल थंडीत दगडासारखं घट्ट असतं, अंड्याएवढा गोळा असतो. तो पळीत वितळवून भेगांत सोडायचा. उरलेलं चपलांना लावायचं आणि मलाच त्यांच्यावर फिरवायचं, कारण मऊ झालेल्या टाचा निपाणीपर्यंत मऊ पोचायच्या तर चपला हव्यात, आणि आढ्याला टांगलेल्या चपला वाळून कडकडीत झाल्या होत्या. एक दिवस टाचेला, एक दिवस चपलेला. सुरुवातीला कुठली टाच आणि कुठली चप्पल हे मला पायाची बोटं लागली तरच कळायचं.

"आता पायाला फडकं गुंडाळ," बायाक्का म्हणाली. "तेल आत मुरंल."

"कापड पायाला? न्हाय."

"अरं, टाचा मऊ करायच्यात का नाटक करायचंय?"

"कापड न्हाय म्हंजे न्हाय."

शेवटी तिने केळीची पानं आणली आणि त्याच्या पायांना सुतळीने बांधली. यमनाप्पा त्या दिवसांत घरभर पानांचे पाय घेऊन सळसळत फिरायचा. शेजारची शेळी दाराशी येऊन आशेने बघत उभी राहायची.

पण टाचा मऊ होऊ लागल्या तशी एक गोष्ट झाली जिचा कुणीच विचार केला नव्हता. त्याला पावड्या दाबता येईनात. तेलकट पाय घसरायचे, आणि नव्या कातडीला लाकूड टोचायचं. दुसऱ्यांदा पावडी दाबताच पायाला फोड आले. त्याने माग थांबवला.

वडगावात माग थांबला म्हणजे घरात कुणीतरी गेलं. तिथे सकाळपासून घराघरातून खटखट चाललेली असते आणि एखाद्या घरातून ती आली नाही की लोकांचे कान टवकारतात. दुपारपर्यंत गल्लीतले चार जण डोक्याला पंचा गुंडाळून, मान खाली घालून यमनाप्पाच्या दारात आले. आत यमनाप्पा परातीत पाय घालून बसलेला.

गल्लीतल्या वयस्कर मष्णूने घसा साफ केला. "लई वाईट झालं, यमनाप्पा."

"काय झालं?"

"म्हंजे... गेलं कोण?"

"कोण न्हाय."

मष्णूने घरभर नजर फिरवली. घरात दुसरं कुणी नव्हतंच. "मग माग का बंद?"

"पाय भिजत घातल्यात."

चौघांनी परातीत वाकून बघितलं. आल्यासारखं काहीतरी बोलायला हवं होतं. "भिजू देत," मष्णू म्हणाला, आणि ते गेले. यमनाप्पाने घासून झालेला पाय परातीबाहेर काढला. मग स्वतःशीच म्हणाला, "ह्या घरात मेलं तर मीच मरंन की. दुसरं हाय कोण?" मग त्याने मला उचललं आणि दुसरी टाच घासायला घेतली.

बारशाच्या दिवशी तो निपाणीला जाणाऱ्या भाड्याच्या सर्व्हिस मोटारीत बसला. मी गाठोड्यात होते. "मोटारीचा धुरळा बसला तर दारात जायच्या आधी एक हात मार," बायाक्काने बजावलं होतं. मोटारीत खाली फळीवर माती होती, म्हणून यमनाप्पा चपलांसकट पाय वर घेऊन, मांडी घालून बसला.

"ओ मामा, पाय खाली घ्या," मोटारवाला म्हणाला.

"खाली घिऊन कसं चालंल? ह्यांनाच बारशाला बोलावलंय."

निपाणीपर्यंत त्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही.

गावाबाहेरच्या विहिरीवर यमनाप्पाने पाय धुतले आणि मला फिरवलं. मला घासायला काही उरलं नव्हतं. मी नुसती सरकत गेले.

मारुतीरावांच्या दारात पायघड्या घातलेल्या होत्या. दोन्ही बाजूंना माणसं उभी. काही जणांनी घरून पोरांनाही आणलं होतं, कारण पहिली गंमत त्यांची चुकली होती. मारुतीराव फेटा बांधून उंबऱ्यात. ते सारखा फेटा चाचपून बघत होते हे मी गाठोड्याच्या फटीतून पाहिलं. नाक त्यांचंही पणाला लागलं होतं.

यमनाप्पाने चपला काढल्या. पाऊल उचललं आणि ते हवेतच राहिलं.

"काय झालं पाव्हणं?" मारुतीराव म्हणाले. "धागा दिसला काय?" माणसं हसली.

"न्हाय. कापड झ्याक हाय." यमनाप्पाने खाली वाकून कापडाला हात लावला, हात कपाळाला लावला आणि पाय ठेवला. प्रत्येक पावलाला त्याचे ओठ हलत होते. बाकीच्यांना वाटलं तो देवाचं नाव घेतोय. गाठोडं त्याच्या छातीशी होतं, म्हणून मला ऐकू आलं. तो कापडाला सांगत होता, "लेकीसाठी हाय. एवढ्या बारीला माफ कर. लेकीसाठी हाय."

एक धागाही अडकला नाही.

माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं यश. बघायला आलेले लोक मात्र जरा नाराज झाले. एक म्हातारा कापडावरून चालत गेला, एवढंच घडलं. मारुतीरावांनी स्वतः वाकून कापड तपासलं, मग टाचा तपासल्या. "टाचा हैत का लोणी!" ते म्हणाले आणि मोकळं हसले. "या, आत या."

माजघरात पाळणा होता. पाळण्याशेजारी अंजनी बसली होती. बापाला बघून उठायला गेली आणि उठता उठता तिने पाय लुगड्याच्या घोळात ओढून घेतले.

दुसऱ्या कुणाच्या ते लक्षात आलं नसतं. पण यमनाप्पाने सव्वा महिना टाचांशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं.

"पाय बघू."

"काय न्हाय आप्पा. थंडीचं हाय." मग तिची नजर त्याच्या पायांवर गेली आणि तिला हसू फुटलं. "आप्पा, हे पाय कुणाचं आणलासा?"

"माझंच हैत. तुझं बघू."

तिने लुगडं जरा वर केलं. मित्रांनो, यमनाप्पाच्या टाचा मी हातभर अंतरावरून वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या. या त्यांच्याहून वाईट होत्या. वखारीत पाला वाळवायला, चाळायला माणसं कमी पडली की घरच्या सुना जायच्या, अनवाणी. भेगाभेगांत तंबाखू बसून काळ्या रेघा झाल्या होत्या. चालताना ती टाच टेकवतच नव्हती. बारशाला आलेल्या सगळ्या बायकांनी तिला चालताना पाहिलं होतं.

यमनाप्पा दाराशी जाऊन म्हणाला, "जरा कडत पाणी मिळंल काय? परातीत."

"पाणी कशाला?" मारुतीराव म्हणाले. "पाय तर तुमचं चकचकीत हैत."

"माझ्यासाठी न्हाय."

पाणी आलं. यमनाप्पाने गाठोडं सोडून मला बाहेर काढलं, लेकीसमोर बसला आणि अंबुबाई म्हणायची तसंच म्हणाला, "पाय दे."

"आप्पा, नको. सगळी बघत्यात."

"दे म्हंतो न्हवं."

तिने पाय दिला. मी फिरू लागले. बायका पदर तोंडाला लावून कुजबुजू लागल्या. मारुतीराव आत आले आणि जागीच थांबले. "पाव्हणं, बापानं लेकीचं पाय घासायचं? माझ्या घरात? लोक काय म्हंतील?"

ते आणखी बोलणार होते, पण भेगांतला तंबाखू सुटून पाणी काळं झालं होतं आणि वाफेबरोबर त्याचा वास घरभर पसरला होता. मारुतीरावांनी तोंड उघडलं आणि ते शिंकले. पुन्हा उघडलं, पुन्हा शिंकले. मग बायका शिंकू लागल्या. मग पाळण्यातली नात शिंकली. ज्या माणसाने आयुष्यभर तंबाखू विकला तो आपल्या सुनेच्या पायातल्या तंबाखूने शिंकून शिंकून खाली बसला. आणि खाली बसल्यावर त्यांच्या नजरेसमोर नेमकी ती टाच आली.

ते बघत राहिले. रागवायचं राहून गेलं.

यमनाप्पा मान वर न करता म्हणाला, "वखारीत हिला चपला घालू द्या."

"सुनंनं सासऱ्यासमोर चपला घालायच्या? आमच्यात तशी पद्धत न्हाय."

"कापडावर पाय द्यायची आमच्यात न्हवती."

मारुतीराव हो म्हणाले नाहीत आणि नाही म्हणाले नाहीत. नाकाला धोतराचा सोगा लावून बाहेर गेले.

संध्याकाळी यमनाप्पा निघाला तेव्हा त्याने मला न्हाणीतल्या कोनाड्यात ठेवलं. उरलेला तेलाचा गोळा शेजारी ठेवला. आपल्या चपला परसदारी, वखारीकडे जायच्या वाटेवर जोडून ठेवल्या. आणि तो अनवाणी मोटारीकडे निघाला. न्हाणीच्या झरोक्यातून मला फक्त त्याचे पाय दिसत होते. रस्ता खडीचा होता. एवढ्या मेहनतीने मऊ केलेल्या टाचा. मी त्याला हाक मारणार होते, पण मला हलवल्याशिवाय आवाज येत नाही.

त्या चपला अंजनीला मोठ्या व्हायच्या. वखारीत फटक फटक वाजायच्या. मारुतीरावांना त्या ऐकू येत नसत. इतका मोठा आवाज न ऐकायला माणसाला बरीच मेहनत पडत असणार, पण त्यांनी ती घेतली. पायघड्या पुन्हा कधी घातल्या नाहीत. दार मात्र उघडं राहिलं.

यमनाप्पा दर हिवाळ्यात यायचा. परसदारी बसायचा. त्याच्या टाचा पुन्हा पूर्वीसारख्या झाल्या होत्या. अंजनी त्याच्या घासायची, तो तिच्या घासायचा, नात पाण्यात हात घालायची. ते माझे सगळ्यात चांगले दिवस होते. वर्षातून फार थोडे होते. बाकी वर्षभर मी कोनाड्यात त्यांची वाट बघायचे.

मग दुसरी मोठी लढाई आली. सूत मिळेना, वडगावातले माग बंद पडू लागले आणि आता खटखट थांबली तरी कुणी विचारायला जात नसे. एका हिवाळ्यात यमनाप्पा आला नाही. त्याच्याऐवजी बायाक्का आली, एकटी. तिला बोलावं लागलं नाही. तिला एकटी बघूनच अंजनी दारात बसली. "मागावरच बसलेला हुता गं," बायाक्का म्हणाली. "पाय खड्ड्यात सोडून. सूत नव्हतं, तरी बसलेला हुता."

त्यानंतर अंजनीने मला हातात घेतलं नाही.

या वर्षी देश स्वतंत्र झाला. त्या दिवशी पहाटे घरातल्या सगळ्यांनी लवकर अंघोळी केल्या, नवे कपडे घातले आणि मिरवणुकीला गेले. बाहेर लोक ओरडत होते, फटाके वाजत होते. मी कोनाड्यात होते. माझ्यावर साबणाचा थर चढला आहे, आणि चोचीत एका कोळ्याने घर केलं आहे. अंजनी रोज न्हाणीत येते. ती मला विसरलेली नाही. तिचा हात कधी कधी कोनाड्यापर्यंत येतो. मग बाहेरून कुणीतरी हाक मारतं, कुणाला पाणी हवं असतं, कुणाला भाकरी, आणि हात मागे जातो. चपला केव्हाच झिजून गेल्या. टाचा पुन्हा फुटल्या आहेत. घरात एवढी माणसं आहेत, आणि हे फक्त मला ठाऊक आहे.

मित्रांनो, माणसाच्या टाचा मागे असतात. ज्याच्या त्याला त्या नीट दिसत नाहीत, आणि दिसल्या तरी तो सांगत नाही. त्या दुसऱ्याने बघाव्या लागतात. तुमच्या घरातही कुणीतरी टाच न टेकवता चालत असेल. तिला विचारू नका, ती थंडीचं आहे म्हणेल. पाणी तापवा, मीठ टाका, परात पुढे सरकवा आणि म्हणा, पाय दे. ती नको म्हणेल. तुम्ही जागचे हलू नका.

वज्री नसली तर विटेचा तुकडाही चालतो. मला वाईट वाटणार नाही.

थोडं वाटेल.